वरचा लाईट

आई पहिल्यांदा न्यू जर्सीला आमच्याकडे आली, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळची गोष्ट. हॉलमध्ये सोफ्यावर बसून ती मेथी निवडत होती. बाहेर अंधारून आलं तशी जुडी डोळ्यांजवळ नेत म्हणाली, "अगं, वरचा लाईट लाव ना. किडकं पान दिसेना झालंय."

"वरचा लाईट नाहीये, आई."

"गेलाय?"

"गेला नाही गं. मुळातच नाहीये."

तिने मान वर करून छताकडे पाहिलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं पांढरं. पंख्याचा हूक नाही, लोंबणारी वायर नाही, गोल झाकणसुद्धा नाही. "एवढं घर घेतलंत," एवढंच म्हणाली आणि पुढचं वाक्य मेथीत टाकलं. मग मी कोपऱ्यातला उभा दिवा तिच्याजवळ सरकवला. त्याच्या उजेडाची पिवळी गादी तिच्या मांडीवर पडली आणि बाकीची खोली आणखीच काळी झाली.

अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे विचारा. मंडळाच्या जेवणात घरांचा विषय निघाला की पंगतीतून निदान दोघे तरी म्हणतात, "आमच्या बेडरूमला वर दिवाच नाही हो!" आमचं घर १९७८ चं. इथल्या नियमात प्रत्येक खोलीला भिंतीवरच्या बटणाने लागणारा दिवा हवाच, पण स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडून बाकीच्या खोल्यांना एक पळवाट दिलेली आहे. छतात दिवा न देता एखादं सॉकेट त्या बटणाला जोडलं तरी चालतं. दिवा ज्याचा त्याने आणावा आणि त्यात खोचावा. बिल्डरची तेवढीच वायर वाचते. म्हणूनच आमच्या दाराजवळ एक बटण होतं, जे दाबून काहीच व्हायचं नाही. दोन महिने आम्ही ते बिघडलेलं समजत होतो. मग सोफा हलवताना लक्षात आलं की मागच्या सॉकेटचा वरचा अर्धा भाग त्या बटणावर चालतो, खालचा कायम चालू असतो.

त्या अर्ध्या सॉकेटवर आम्ही बारा वर्षं काढली. मुलीच्या वाढदिवसाच्या सगळ्या फोटोंत केक उजळलेला आणि माणसं तपकिरी.

छताला नंतर दिवा लावता येत नाही असं नाही. पण बंद छतात वायर न्यायची म्हणजे जिप्सम कापायचं, आडव्या तुळयांतून रस्ता काढायचा, मग लांबी म्हणजे पुट्टी, घासकाम, रंग. दोघांकडून अंदाजपत्रकं घेतली आणि दोन्ही वेळा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली. शेवटी गेल्या मार्चमध्ये वरच्या बाथरूममधल्या टबाचा पाइप गळला. हॉलच्या छतावर आधी नाण्याएवढा डाग, मग कोकण किनारपट्टीसारखा लांबच लांब. प्लंबरने डागापुरतं कापलं, मग जरा पलीकडे, मग आणखी जरा. भिजलेलं जिप्सम राहू दिलं तर बुरशी धरते, म्हणून शेवटी सगळं छतच उतरवलं. तिसऱ्या दिवशी आमच्या हॉलला छत नव्हतं.

घराच्या पोटात पहिल्यांदाच पाहिलं. सोळा-सोळा इंचांवर उभ्या धारेने बसवलेल्या तुळया, त्यांच्यावर वरच्या मजल्याची प्लायवूडची जमीन, त्यातून खाली डोकावणारे खिळे. एका तुळईवर सुताराने पेन्सिलीने केलेली बेरीज होती आणि ती चुकलेली होती. या तुळयांना इथे 'दोन बाय दहा' म्हणतात, पण टेप लावली तर भरतात दीड बाय सव्वानऊ. हे मी मोठ्याने म्हटलं तेव्हा जाणवलं, की अमेरिकन इंच मराठी तोंडात फार छान बसतो. पाऊण, सव्वा, दीड, अडीच. इथली माणसं 'एक आणि एक चतुर्थांश' असं लांबण लावतात; आपण 'सव्वा' म्हणून मोकळे.

आता नाही तर कधीच नाही, असं मी रात्री जेवताना जाहीर केलं. नवरा म्हणाला, "इलेक्ट्रिशियनला बोलावू." मी म्हटलं, "मी करते." न्यू जर्सीत स्वतःच्या, स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरात मालकाला वायरिंग करता येतं, परमिट काढायचं आणि छत बंद व्हायच्या आधी तपासणी करून घ्यायची. पॅनलमधली, म्हणजे घराच्या मुख्य वीज-बोर्डातली, शेवटची जोडणी मात्र लायसन्सवाल्याकडून करून घ्यायची, हे मी आधीच कबूल केलं. मेन ब्रेकर पाडला तरी पॅनलमध्ये बाहेरून येणाऱ्या जाड तारा जिवंतच असतात, आणि माझी हिंमत तिथपर्यंत पोचत नाही.

हिंमतीचं मूळ सांगलीत आहे. धाकटा भाऊ आयटीआय करून वायरमन झाला. आमच्या लहानपणी तो घरातले फ्यूज बांधायचा आणि मी स्टुलावर चढून बॅटरी धरायची. त्यामुळे मला येत काही नव्हतं, पण भीती मोडलेली होती. आमच्या रात्री साडेनऊला त्याचे सकाळचे सात वाजतात. तो चहा पितापिता व्हिडिओ कॉलवर येणार आणि मी शिडीवरून फोन फिरवणार, असं ठरलं.

पहिल्याच रात्री त्याने कपाळाला हात लावला. "ताई, पाइप कुठाय?"

"पाइप नसतो इथे. अशीच वायर नेतात लाकडातून."

"अशीच? उघडी? उंदरं खातील की गं."

"प्लास्टिकचं आवरण आहे ना वर."

"आवरण न्हवं ते, पिशवी हाय पिशवी."

मी त्याला वायर जवळून दाखवली. चपटी, पांढरी, पट्ट्यासारखी. १४ गेजला पांढरं आवरण आणि १५ अँपिअरचा ब्रेकर. १२ गेजला पिवळं आणि २० चा. आवरण सोललं की आत एक काळी तार, एक पांढरी, आणि तपकिरी कागदात गुंडाळलेली तिसरी, अंगावर काहीच नसलेली नुसती तांब्याची. "ही अर्थ," मी म्हटलं. "ही पांढरी न्यूट्रल, आणि काळी..."

"काळी न्यूट्रल," तो म्हणाला.

"नाही. काळी फेज."

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. आपल्याकडे तांबडी, पिवळी, निळी ही फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. काळ्या तारेला निदान मनातून तरी कुणी भीत नाही. इथे त्याच काळ्या तारेत १२० व्होल्ट. आकडा २३० च्या निम्मा असला तरी माणूस मरायला पुरेसा. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे बघ, भिंतीवर लिही. मोठ्या अक्षरात. आत्ता." मी भिंतीतल्या उघड्या उभ्या लाकडावर, म्हणजे स्टडवर, जाड मार्करने लिहिलं: 'काळी = फेज'. ती अक्षरं आजही तिथे आहेत, जिप्समच्या मागे.

खरी गंमत पुढे होती. दाराजवळचं ते जुनं बटण उघडलं तर त्यात दोनच तारा, काळी आणि पांढरी, आणि दोन्ही बटणालाच जोडलेल्या. न्यूट्रल बटणावर कशी? भावाने पाठवलेला टेस्टर, तोच तो पेचकसाएवढा, डोक्यावर बोट ठेवायचा, मी पांढरीला लावला. इथल्या व्होल्टेजला तो मरतुकडा पेटतो, पण पेटला. म्हणजे पांढरीत फेज. झालं असं होतं, की वीज आधी सॉकेटपाशी आली होती. तिथून एकाच पट्ट्यात पांढरीवाटे फेज बटणापर्यंत आणली आणि काळीवाटे परत सॉकेटकडे नेली. न्यूट्रल बटणाच्या डबीत आलेलीच नाही. त्या काळी अशा पांढरीवर खूण करायचं बंधन नव्हतं. आता काळी टेप गुंडाळावी लागते, आणि २०११ पासून कोडमध्ये, म्हणजे इथल्या वायरिंगच्या नियमपुस्तकात, दिव्याच्या बटणाच्या डबीत न्यूट्रल हजर हवी असंही आलं, कारण मोबाइलवर चालणाऱ्या नव्या बटणांना स्वतःपुरती वीज लागते. इथल्या कोडची पहिली आवृत्ती १८९७ सालची आणि दर तीन वर्षांनी नवी निघते. मला ते पुस्तक रुक्ष वाटायचं. त्या पांढऱ्या तारेला टेस्टर लावल्यावर वाटेनासं झालं.

मग ठरवलं, की तळघरातल्या पॅनलपासून नवी वायर थेट बटणाच्या डबीत आणायची आणि तिथून वर न्यायची. सहा पातळ एलईडी आणि मधोमध एक पंखा. त्या एलईडींना इथे वेफर म्हणतात, आणि जाडीही साधारण तेवढीच.

दिवे कुठे लावायचे यावर आमच्या घरात तीन दिवस भांडण झालं. कागदावर सगळं सोपं असतं: दोन ओळी, तीन-तीन दिवे, भिंतीपासून अमुक, एकमेकांपासून तमुक. पण तुळया तुमच्या कागदाला विचारून बसवलेल्या नसतात. दोन तुळयांमध्ये साडेचौदा इंच मोकळे, दिवा त्यातच बसला पाहिजे. सुबक मापाने काढलेल्या सहातल्या दोन खुणा नेमक्या तुळईच्या पोटावर आल्या. मी सगळी ओळच चार इंच खिडकीकडे सरकवली. मग पंख्याचा मध्य. मी जमिनीवर कोपऱ्यातून कोपऱ्यात सुतळी ताणली, दोन्ही कर्ण जिथे कापतात तिथे खडूची फुली मारली आणि ओळंबा वर धरून खूण छतात नेली. नवरा म्हणाला, लेझर मिळतो त्याला. मला माहीत आहे. पण ओळंब्याचा लोलक हळूहळू थांबत फुलीवर येतो तेव्हा जे बरं वाटतं ते लेझरच्या लाल ठिपक्यात नाही.

भावाने एकच प्रश्न विचारला आणि सगळं उलटंपालटं केलं. "आई कुठं बसते?" सोफ्याच्या डाव्या टोकाला, खिडकीजवळ. कागदावरच्या सहा दिव्यांपैकी एकही त्या टोकावर येत नव्हता. सगळे टीपॉयवर आणि येण्याजाण्याच्या वाटेवर. खोलीचा मध्य आणि आई बसते ती जागा यांत साडेपाच फुटांचा फरक होता. एक दिवा तिकडे नेला. आता छताकडे नीट बघितलं तर ओळ जरा तिरकी वाटते. वाटू दे.

भोकं पाडायला दोन शनिवार गेले. पाऊण इंचाचं पातं, तुळईच्या उंचीच्या बरोबर मध्यावर. तुळईच्या वरच्या आणि खालच्या धारेपासून दोन-दोन इंच जागा सोडायचीच आणि भोक उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं करायचं नाही, नाहीतर वरची जमीन एक दिवस लचकेल. पंचेचाळीस वर्षांच्या लाकडातून पहिल्या भोकालाच राळेचा वास आला, अगदी कालच्यासारखा ताजा. हात वर धरून ड्रिल चालवणं म्हणजे काय हे तिसऱ्या तुळईला कळतं. डोळ्यांत भुसा, कॉलरमध्ये भुसा. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कानामागून थोडा निघाला.

सव्वा इंचाचं कोडंही त्याच दिवसांत सुटलं. नियम असा, की लाकडातलं भोक धारेपासून सव्वा इंच आत हवं. तेवढं नसेल तर त्या जागी लाकडावर लोखंडी पट्टी ठोकायची. सव्वाच का? जिप्समवाले अर्ध्या इंचाच्या पाट्याला सव्वा इंचाचा स्क्रू मारतात, म्हणजे तो लाकडात पाऊण इंच शिरतो. पाटा पाच सुताचा असेल तर स्क्रू एक इंच पाच सूत, तो एक इंच शिरतो. म्हणजे कसाही मारला तरी टोक वायरच्या अलीकडेच थांबतं. भावाला हे सुतात सांगितलं तसं पटकन कळलं. त्याच्याकडे अजूनही आठ सुतांचाच इंच चालतो. "म्हंजे स्क्रू मारणाऱ्याला दिसत नाही, म्हणून वायर लांब पळवायची," तो म्हणाला. अगदी तेच. हा सगळा खटाटोप ज्याला काहीच दिसणार नाही अशा माणसासाठी असतो.

बारीकसारीक मापं आणखीही बरीच. डबीत आवरण निदान पाव इंच आत आलं पाहिजे, आतल्या तारा सहा इंच मोकळ्या हव्यात. दर साडेचार फुटांवर स्टेपल, आणि तो चेपून ठोकायचा नाही. भावाला सगळ्यात हसू आलं ते डबीतल्या हवेच्या हिशेबाचं. १४ गेजच्या प्रत्येक तारेला दोन घनइंच जागा लागते. आमच्या तीन बटणांच्या डबीत येणाऱ्या-जाणाऱ्या तारा ७, सगळ्या अर्थ मिळून १, बटणं प्रत्येकी २ प्रमाणे ६. एकूण १४, म्हणजे २८ घनइंच. "बोर्डातली हवा मोजता तुम्ही लोक?" तो म्हणाला. मग स्वतःच थांबला. कोंबून बंद केलेले आणि वर्षाच्या आत काळे पडलेले बोर्ड त्याने कितीतरी उघडलेत. पंख्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात काळीबरोबर एक तांबडीही होती, पंखा आणि त्याचा दिवा वेगवेगळे चालायला. ती पाहून त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पंख्याची डबी मात्र साधी चालत नाही. साध्या डबीला ५० पौंडांपर्यंतचा दिवा टांगता येतो, पण पंखा टांगायचा तर पंख्यासाठीच म्हणून केलेली डबी लागते; वजन नुसतं लोंबत नाही, ते फिरतं आणि थरथरतं. दोन तुळयांच्या मध्ये लोखंडी दांडा पिळून घट्ट बसवायचा आणि डबी त्याला अडकवायची. बसवून झाल्यावर मी त्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. मुलीने व्हिडिओ काढला. तो कुणालाही दाखवायचा नाही अशी ताकीद दिली आहे.

त्याच आठवड्यात सांगलीला भावाचा स्लॅब होता. म्हणजे स्लॅब बांधणाऱ्याचा, पण पाइप त्याचे. पावसाच्या आधी सगळ्यांनाच स्लॅब उरकायचे असतात, त्यामुळे एप्रिल-मे त्याला श्वास घ्यायला उसंत नसते. आदल्या दिवशी त्याने मला फोन फिरवून दाखवला. सेंट्रिंगच्या प्लायवूडवर सळईची जाळी, जाळीखाली कव्हर ब्लॉक, आणि जाळीवरून वळणं घेत गेलेले पांढरे पीव्हीसी पाइप, जागोजागी बाइंडिंग तारेने बांधलेले. फॅन बॉक्स उपडे, तोंड प्लायवूडला टेकवून. प्रत्येक बॉक्समध्ये त्याने वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून टेप मारली होती, काँक्रीटचं पाणी आत जाऊ नये म्हणून. "उद्या दिवसभर इथंच उभा," तो म्हणाला. घमेली घेऊन जाणाऱ्याचा पाय पाइपवर पडला की सांधा निसटतो, व्हायब्रेटरचं टोक लागलं की पाइप पिचकतो, आणि ते त्या क्षणी कुणालाच कळत नाही. कळतं तीन आठवड्यांनी, सेंट्रिंग काढल्यावर.

धंद्यातल्या पहिल्या वर्षी त्याचा एक पाइप असाच बुजला होता, बाल्कनीच्या दिव्याचा. मालकाने पैसे कापले ते वेगळेच, पण तीन दिवस मान वर करून छिन्नीने स्लॅबला झिरी पाडावी लागली. तेव्हापासून स्लॅबच्या दिवशी तो जेवायलाही खाली उतरत नाही, जिलेबी वर मागवतो. "सळई बघायला इंजिनियर येतो," तो म्हणतो. "पाइप बघायला मी आणि देव."

त्याचं ऐकताना वाटलं, आमच्या दोघांची धास्ती एकच, फक्त वेगवेगळ्या जागी ठेवलेली. त्याच्या घरात वायर कधीही ओढून काढावी आणि नवी घालावी. वीस वर्षांनी एसी लावायचा झाला तर पाइपातून जाड वायर जाते. फक्त पाइपाची वाट चुकली की संपलं. माझ्या घरात वायर स्टेपलने लाकडाला जखडलेली, ती काही ओढून निघायची नाही. पण चुकलंच तर सुरीने छताचा चौकोन कापता येतो. मी हे त्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, "सुरीनं? छत?" आणि पुढचा अर्धा दिवस तो सगळ्यांना सांगत सुटला असणार, की ताईचं घर पुठ्ठ्याचं आहे.

तपासणीला आलेले गृहस्थ वयस्कर, टॉर्च घेतलेले, फारसे न बोलणारे. डब्यांतल्या तारा ओढून पाहिल्या, स्टेपल मोजले. स्टडवरचं देवनागरी पाहून काय आहे विचारलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि लाल स्टिकर चिकटवलं. तीन कारणं. बटणाच्या भिंतीत वायर उतरते तिथे वरच्या आडव्या लाकडातलं माझं भोक धारेच्या फार जवळ आणि त्यावर लोखंडी पट्टी नाही. ते भोक आगरोधक मसाल्याने बुजवलेलं नाही. आग लागली तर भिंतीची पोकळी धुराड्यासारखी काम करते. आणि डब्यांतल्या अर्थच्या तारा मी एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, दिवे बसवताना जोडीन म्हणून ठेवून दिल्या होत्या. मी दोन दिवस फुगून बसले. सव्वा इंचावर भावाला व्याख्यान देणारी मी, आणि पट्टी मीच विसरले. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. पुढच्या गुरुवारी हिरवं स्टिकर.

हिरवं मिळाल्यापासून जिप्सम चढेपर्यंत मध्ये एक रविवार होता. त्या दिवशी मी छताचे एकशे बारा फोटो काढले, प्रत्येकात टेप ताणून धरलेली. वेफर दिव्यांना आधी डबी बसवत नाहीत. त्या जागी वायरचं नुसतं वेटोळं सोडतात, वरून पाटा लावतात आणि मग गोल भोक पाडून वेटोळं बाहेर काढतात. म्हणजे सहाच्या सहा जागा जिप्सममागे गडप होणार. वहीत लिहिलं: पूर्वेच्या भिंतीपासून इतके इंच, खिडकीच्या भिंतीपासून इतके.

जिप्सम लावायला दोघे आले. आधी छत, मग भिंत. छताचे पाटे भिंतीच्या पाट्यांवर टेकतात म्हणून. फिरत्या पात्याच्या मशीनने डबीच्या कडेने कापत जायचे, इतक्या सफाईने की बघत राहावं. दुपारी चारला त्यांची गाडी गेली, मी दिवा घेऊन वर पाहिलं आणि पोटात गोळा आला. पंख्याची डबी नव्हतीच. बारा फुटी पाटा तिच्यावरून सरळ गेला होता. वही काढली, टेप लावली, पेन्सिलीने फुली मारली आणि आरीचं टोक आत दाबलं. टोक लोखंडाला लागून टणकन वाजलं. त्या आवाजाएवढं गोड मी त्या महिन्यात काही ऐकलं नाही.

बटणाच्या डबीत मात्र पातं आतपर्यंत गेलेलं. एका काळ्या तारेचं आवरण सोलून तांबं चमकत होतं. चूक त्यांची अर्धी, माझी अर्धी. तारा मी खोल दुमडून ठेवायला हव्या होत्या. सहा इंच मोकळ्या सोडायचा नियम इथे कामी आला. दोन इंच छाटले, तरी चार उरले.

लांबीचे तीन हात, घासकाम, रंग. याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. धूळ महिनाभर डाळीतसुद्धा निघत होती.

पहिल्या संध्याकाळी सगळे दिवे लावून मी आईला कॉल केला. तिने पाहिलं आणि घाईने आवाज खाली करत विचारलं, "कोण आलंय का गं? एवढे लाईट लावलेत?" कुणी नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग चार बंद कर." मी चार बंद करू शकत नव्हते, सहाही एकाच बटणावर आहेत. हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

भाऊ घरी नव्हता. त्याच्या साइटवर सेंट्रिंग उतरलं होतं. कॉल लावला तर तो घोड्यावर, म्हणजे कामाच्या उंच स्टँडवर, उभा, डोक्यावरच्या स्लॅबमध्ये फॅन बॉक्सचं गोल तोंड आणि त्यात फुगून बसलेलं वर्तमानपत्र. मी माझं छत दाखवलं. "वायर दिसंना की कुठं," तो म्हणाला, आणि पेचकसाने बोळा उकरायला लागला. एक तुकडा निघाला, दुसरा निघाला, मग भसकन वाळू त्याच्या तोंडावर. "थांब ताई, फोन ठेवतो खाली." त्याने फोन उताणा ठेवला असावा, मला नुसता करडा स्लॅब दिसत होता, आणि त्यावर अजून उमटलेल्या प्लायवूडच्या रेषा. वायर ओढायला पाइपात सरकवलेल्या स्प्रिंगचा खरखर आवाज येत होता, थांबत, पुन्हा येत.

"आली काय रे तिकडं?" तो ओरडला.

पलीकडच्या खोलीतून पोऱ्याचा आवाज आला, "अजून न्हाई!"